फ्रेमवरचा ओरखडा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगर कोणता ते आता खात्रीने आठवत नाही, पण उतार भयंकर होता. तिथे फिरणाऱ्या एका सायकलचा मागचा टायर फ्रेमच्या डाव्या दांडीला सारखा घासत असे. आधी रंग गेला, मग धातू झिजू लागला.

"अरे, किती वेळा सांगू? जरा तिकडे सरक!" फ्रेम करवादली. "उतारावर दांडी मोडली तर सगळेच दरीत जाऊ."

"ताई, मी सरळच फिरतोय हो," टायर म्हणाला.

"सरळ म्हणे! मग मला काय उंदरांनी कुरतडलं?"

सायकल दुरुस्त करणाऱ्या यासीनमिस्त्रींनी टायर बदलला. नवाही तिथेच घासला. त्यांनी तिसरा घातला.

"आलास? तूही त्यातलाच!" फ्रेमने त्याला बसवतानाच फैलावर घेतलं. तोही तिथेच घासू लागला.

शेवटी दांडी चिरली. सायकल मोडीत निघाली आणि फ्रेम दुकानात खुंटीला लटकली.

कितीतरी वर्षांनी मिस्त्रींनी सहज तिला खाली काढलं, दोन्ही बाजूंनी दोरा ताणला आणि अंतरं मोजली. डावी दांडी मुळातच उजवीपेक्षा तीन मिलिमीटर आत जोडलेली होती.