रहोबोथचा दहावा माणूस

“अहो काका, पण रहोबोथ म्हणजे काय, ते तरी विचारा!”

पिन्हासनं हे तिसऱ्यांदा म्हटलं, आणि तेही चालता चालता. कारण हसाजीकाका घाण्याच्या फळीवर बसले होते, फळी पवळ्या बैल ओढत होता, आणि पवळ्या कुणासाठी थांबत नसे. सुट्टी काय ती शनिवारी, शब्बाथची. आज होता गुरुवार. ज्याला काकांशी बोलायचं असेल त्यानं बैलामागून गोल गोल फिरावं, असा नवगावात रिवाजच पडला होता.

पिन्हास मुंबईला चार वर्षं हिब्रू शिकून आला होता. तसं पहिलं अक्षर त्याला काकांनीच शिकवलं होतं, तिळाच्या ढिगावर बोटानं काढून. पण ते आता त्याच्या फारसं ध्यानात नसे.

“विचारलं,” काका म्हणाले. “सांग.”

पिन्हास खुलला.

“रहोबोथ म्हणजे ऐसपैस जागा! इसहाकानं विहीर खणली. गराराचे गुराखी आले, पाणी आमचं म्हणून भांडले. त्यानं तिला नाव दिलं एसेक, म्हणजे तंटा. दुसरी खणली, तिच्यावरूनही भांडण. ती सिटना, म्हणजे वैर. मग तो तिथून निघाला आणि तिसरी खणली. तिच्यावर कुणी भांडलं नाही. ती रहोबोथ! ‘आता परमेश्वरानं आम्हाला जागा दिली...’”

“शेपटीपासून जरा लांब चाल.”

पिन्हास लांब चालू लागला.

“मीही तेच केलं, काका. दादाच्या विहिरीवर पाण्याच्या पाळीवरून रोजची कटकट. सोडली विहीर, सोडलं घर. आता बारा गुंठे जागा, नवं घर, नवी विहीर, आणि दारावर हिब्रूत ‘रहोबोथ’ अशी पाटी. रविवारी तुम्ही यायचं. मेझुझा ठोकायचा, प्रार्थना करायची, मलिदा खायचा.”

दाराच्या चौकटीला वचनाची ती गुंडाळी ठोकल्याशिवाय यहुद्याचं घर पुरं होत नाही, आणि नवगावात ती ठोकायचा मान काकांचा.

एक गोष्ट पिन्हासनं सांगितली नाही. घर सोडताना त्यानं चारचौघांत दादाच्या विहिरीला सिटना म्हटलं होतं, आणि तिचा थेंबही तोंडात घेणार नाही, अशी शपथ घेतली होती. शपथेचं कुणाला काय पडलंय? पण नाव गावानं उचललं. आता खुद्द त्याची वहिनीच कळशी उचलून म्हणे, “सिटनेवर जाऊन येते हां.”

“रहोबोथचं पाणी कसं आहे?” काकांनी विचारलं.

“आहे... जरासं मचूळ. गाळ काढला की सुधारेल.”

“आणि भांडत कुणी नाही?”

“कोण भांडणार! कुंपण आहे, फाटक आहे, फाटकाला कुलूप आहे.”

काका खोकले. तो खोकला होता की हसू, हे मागून कळेना.

“दहा जण जमले?”

इथं पिन्हासचं पाऊल अडखळलं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नवगावात आपले पुरुष बरोब्बर दहा, आणि त्यातला एक खुद्द दादा, शिमशोन. दहावा नसेल, तर हिब्रू कितीही येवो, रविवारी प्रार्थना व्हायची नाही आणि गाव पोट धरून हसेल. चार रात्री त्याला याच काळजीनं झोप नव्हती.

“रेवदंड्याला निरोप धाडलाय,” तो म्हणाला. “एखादा येईल. टांगा पाठवतो म्हटलंय.”

“उत्तर आलं?”

“...नाही अजून.”

“रेवदंडा किती लांब?”

“सहा कोस.”

“आणि शिमशोनचं घर?”

“...माडांच्या पलीकडे.”

घाणा करकरत राहिला. एक फेरा झाला. दुसरा झाला.

“बारा गुंठ्यांत एका माणसाला उभं राहायला किती जागा लागते रे?”

पिन्हासला ऊन फार लागत होतं. घसा कोरडा पडला होता.

“बरं, पुढचं म्हण,” काका म्हणाले. “रहोबोथनंतर काय होतं?”

अध्याय तर पिन्हासला तोंडपाठ. त्यानं छाती फुगवली, सूर लावला, आणि ओळीमागून ओळ म्हणत तिचा मराठी अर्थ सांगू लागला. इसहाक बैरशेबाला गेला. ज्यानं त्याला हाकललं होतं, तो अबीमलेख राजाच त्याच्याकडे आला. इसहाक म्हणाला, तुम्ही माझा द्वेष करता, मला घालवून दिलंत, मग आता कशाला आलात?

“मग?”

“मग... मग त्यानं त्यांना मेजवानी दिली.”

सूर खाली आला.

“ते जेवले... प्याले. सकाळी शांतीनं गेले. आणि त्याच दिवशी चाकरांनी येऊन सांगितलं... पाणी लागलं.”

“अर्थ छान सांगतोस,” काका म्हणाले. “हो... हो रे पवळ्या.”

पवळ्या थांबला. भर गुरुवारी! पिन्हास बघतच राहिला.

वजनाशिवाय घाणा तेल सोडत नाही, म्हणून काकांच्या शेजारी फळीवर मणाचा धोंडा असे. काकांनी तो दोन्ही हातांनी लोटला. धोंडा धप्पकन खाली पडला.

“बस.”

“काका, वीतभर तर फळी आहे.”

“बस म्हणतो ना.”

पिन्हास बसला. खांद्याला खांदा लागला, गुडघ्याला गुडघा. पवळ्यानं कान हलवले आणि तो चालू लागला. तेलाची धार आधी बारीक, मग चांगली करंगळीएवढी झाली.

आणि पिन्हासला आठवलं. याच फळीवर, याच धोंड्याच्या जागी दोन पोरं बसत. एकटा पिन्हास वजनाला पुरत नसे म्हणून दादा त्याला मांडीवर घेई, आणि पडू नये म्हणून कमरेला घट्ट धरून ठेवी. किती फेरे! चक्कर आली की दोघंही हसत सुटत.

त्याला एकदम गलबलून आलं. सहा महिन्यांत आपल्याला दादाची एकदाही आठवण झाली नाही, असं तो सगळ्यांना सांगत आला होता. ते खोटं होतं.

चालत्या फळीवरून त्यानं उडी मारली. धोतर फळीच्या खिळ्यात अडकून टरकलं, तरी तो थांबला नाही. माडांच्या दिशेनं वीस पावलं गेला... आणि थबकला.

“काका!” तो ओरडला. “सहा महिने बोललो नाही. दादाला म्हणू तरी काय?”

घाणा फिरत होता. काका पलीकडे गेले, पुन्हा अलीकडे आले.

“तहान लागलीय म्हण.”