उलटे पडलेले कासव

डोंगरापलीकडच्या एका रानात, तळ्याच्या काठी, पिल्लांची शाळा भरत असे. त्या शाळेत एक छोटे कासव होते. अभ्यासात हुशार, पण स्वभावाने भारी भिडस्त. वर्गातल्या माकडाला नेमके तेच सापडले. मधली सुट्टी झाली रे झाली, की माकड त्याला पाठीवर उलटे पाडी आणि ओरडे, "या रे या, परात मांडली!" सगळी पिल्ले खो-खो हसत. ससाही हसे, कारण न हसलो तर उद्या आपली पाळी, अशी त्याला धास्ती. आणि कासव काय करी? डोके कवचात ओढून घेई आणि निपचित पडून राही. एके दिवशी त्याने ठरवून टाकले, उद्यापासून शाळा बंद.

बालमित्रांनो, त्या शाळेत एक म्हातारी सांबरीण होती. ती धडे शिकवत नसे. पिल्लांच्या मनातले ऐकून घेणे, हेच तिचे काम. कासव भरल्या डोळ्यांनी घराकडे निघालेले तिने पाहिले. "काय झालं, बाळा?" एवढेच तिने विचारले आणि कासवाने रडत रडत सगळे सांगितले. "लक्ष देऊ नकोस," असले फुकटचे शहाणपण तिने शिकवले नाही. ती म्हणाली, "माकडाशी मी बोलते, ते माझं काम. पण उलटा पडलास की डोकं आत का घेतोस?"

"लाज वाटते, आजी. मग कुणी दिसत नाही."

"अरे वेड्या, कासव सुलटं होतं ते मानेच्या जोरावर! मान बाहेर काढून जमिनीला रेटायची. आणि तोंड बाहेर असलं, की हाकही मारता येते." मग मऊ गवतावर दोघांनी सराव केला. कासव पुष्कळदा आपटले, शेवटी हसूही लागले.

सांबरिणीने माकडाला समज दिली. पण खोड ती, एका बोलण्याने थोडीच जाते! सांबरीण पाठमोरी होताच माकडाने पुन्हा डाव साधला. कासव घाबरले, पण या वेळी त्याने मान बाहेर काढली. जोर लावला, तो पुरला नाही. तेव्हा ते ओरडले, "सशा, मला रेटा दे!"

सशाचे हसू तिथेच थांबले. त्याने माकडाकडे पाहिले, कासवाकडे पाहिले आणि धावत येऊन खांदा लावला. कासव सुलटे झाले. बाकीच्या पिल्लांचेही हसू ओसरले. एकटे माकड तेवढे हसत होते, मग तेही ओशाळून थांबले. कासव माकडाच्या डोळ्यांत पाहून म्हणाले, "मला हे आवडत नाही. पुन्हा करू नकोस." आणि ससा नि कासव मिळून झाला प्रकार सांगायला सांबरिणीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी कासव शाळेत सगळ्यांच्या आधी हजर होते.

तात्पर्य : छळ मुकाट्याने सोसला की वाढतो, विश्वासाच्या माणसाला सांगितला आणि बघ्यांनी हसणे सोडले, की छळणाराच एकटा पडतो.