भिवाची गाठ

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव आता कुणाला आठवत नाही. विहीर तेवढी आठवते.

साऱ्या गावाला पाणी त्या एकाच विहिरीचं. रहाट नव्हता. काठावरच्या दगडावरून हातानंच दोर ओढायचा. आणि दोर सारखा तुटायचा. तुटला की घागर बुडायची, बाया हळहळायच्या आणि कुणीतरी भिवाला हाक मारायचं.

भिवाच्या हातची गाठ फार पक्की. तुटलेली टोकं तो अशी जोडायचा, की कितीही हिसके द्या, गाठ हलायची नाही. हळूहळू गावात रीतच पडली. पाडव्याला दोरातल्या गाठींना हळदकुंकू लागायचं आणि भिवाच्या हातावर नारळ.

सगुणा नावाची एक विधवा तिथं पाणी भरायची. एकदा ती भिवाला म्हणाली, "दादा, गाठ तुम्ही चांगली बांधता. पण दोर दरवेळी त्या दगडावरच तुटतो. त्याच्या कडेवर एकदा हात फिरवून बघा."

भिवा हसला. "वैनी, दगड तासला तर मला नारळ कोण देईल?"

सगळे हसले. वाडवडिलांनी बसवलेल्या दगडाला छिन्नी लावायला सांगणारी ही कोण, असंही कुणी बोललं. सगुणानं घागर कमरेवर घेतली आणि ती निघून गेली. पुन्हा ती त्यावर बोलली नाही. ज्याचं एकदा हसं झालं, ते माणूस दुसऱ्यांदा कशाला बोलेल?

उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं. गाळ काढायला भिवाचा लेक विहिरीत उतरला. लग्नाची हळद अजून जुनी झाली नव्हती त्याची. भिवानं एकेक गाठ स्वतः आवळून पाहिली. म्हणाला, "हत्ती लोंबकळला तरी सुटायची नाही." आणि ते खरंच होतं.

दिवस कलेपर्यंत लेकानं सगळा गाळ वर पाठवला. मग खालून हाक आली, "आबा, घ्या आता वर."

माणसांनी दोर ओढला. लेकाचं मुंडासं काठाशी दिसायला लागलं, आणि दोर दगडावर तुटला.

खाली गाळ असता तर कदाचित वाचला असता. गाळ त्यानंच काढला होता. खाली नुसता कातळ होता.

भिवाच्या हातात दोर राहिला. त्यातली गाठ जशीच्या तशी होती.

तेरावं झाल्यावर भिवा छिन्नी घेऊन विहिरीवर आला. कुणी अडवलं नाही. न्याहारी करून बसला होता, दुपारच्या भाकरीआधी दगडाची कड गोल झाली. एवढंच काम होतं ते.

त्यानंतर दोर तुटला नाही. पाडव्याला गाव नारळ घेऊन आलं, तर भिवानं दार उघडलं नाही.

बाबांनो, तुटलेलं जोडायच्या आधी ते कशानं तुटतं, ते बघावं.