पाठमोरी वाट

"देवाकडं पाठ करून आत जायचं? ही कुठली रीत, बाबा?"

"इथली," सोनगिरी बाबा म्हणाले.

साळबीळ म्हणजे कुणी कोरलेलं लेणं नव्हे. डोंगराच्या पोटात आपोआप झालेली गुहा, तिला आत फाटे फुटलेले, आणि अगदी शेवटी पाणी ठिबकणारी एक पिंड. म्हातारे गोसावी सोनगिरी बाबा गुहेच्या तोंडाशी राहायचे. आत जाणाऱ्यानं पाठमोरं जावं, तोंड आल्या वाटेकडं ठेवावं, एवढंच ते सांगत.

हर्षद टिळेकरला हसू आवरेना. तीस किल्ले पालथे घातलेला गडी तो! कपाळाला टॉर्च, खिशात खडू.

"प्रत्येक फाट्यावर बाण काढत जाणार. चुकायचा प्रश्नच नाही."

"मागं बघत जाल?"

"मागं कशाला? मागचं बघून झालेलंच असतं की!"

बाबांनी हातातला लोखंडी चिमटा दगडावर टेकवला.

"हर्षद, हट्ट नको करूस," त्याची बायको विभा म्हणाली. "बाबा सांगतायत तसं जा ना."

"अगं, उलटं चालत जाऊ? अर्ध्या तासात येतो बघ." आणि स्वारी शिरलीसुद्धा.

पाच फाटे, पाच ठसठशीत बाण. पिंड सापडली. फोटो निघाले. मग तो परत फिरला.

आणि बाणच दिसेना.

त्यानं खडकावर उजेड टाकला. खडक कोरा. शेजारचा पाहिला, तोही कोरा. समोर तीन वाटा, तिन्ही सारख्याच काळ्या. यातल्या कुठल्या वाटेनं आलो आपण? एकही ओळखीची वाटेना. तो डावीकडच्या वाटेत घुसला. वीस पावलांवर भिंत. धडपडत परतला, तोवर टॉर्च पिवळा पडला होता.

"विभा!"

हाक चारी बाजूंनी फिरून त्याच्याच अंगावर आली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तीस किल्ले कुठल्या कुठं गेले. आपण आता इथंच राहणार, असं वाटलं आणि त्याला चक्क रडू फुटलं.

टॉर्च विझला.

किती वेळ गेला, देव जाणे...

खण्ण.

चिमटा दगडावर आपटल्याचा आवाज. पुन्हा, जरा जवळ. मग कंदिलाचा उजेड आला, आणि उजेडात एक पाठ दिसली. भगव्या कफनीतली, वाकलेली. एकेक पाऊल मागं टाकत ती त्याच्याकडं येत होती.

"बाबा!"

"ओरडू नका. खांदा धरा."

आता बाबा सरळ चालू लागले. न अडखळता, न थांबता, घरच्या अंगणात चालावं तसे. पहिल्या फाट्यावर एका खडकाला वळसा घालून ते उभे राहिले आणि त्यांनी कंदील उंच धरला.

"वळा. बघा मागं."

हर्षदनं वळून पाहिलं. खडकावर पांढराशुभ्र बाण! त्याच्याच हातचा. पुढच्या फाट्यावर दुसरा. पाचही बाण जागच्या जागी होते. पण सगळे खडकांच्या अलीकडच्या अंगाला, आत जाणाऱ्याच्या तोंडासमोर. आतून परतणाऱ्याला त्यातला एकही दिसणार नव्हता.



बाहेर विभानं त्याचा दंड पकडला तो सोडलाच नाही. "पुन्हा असं केलंस ना..." हर्षद बाबांच्या पायांवर वाकला. पण मनातली गोष्ट काही मनात राहीना.

"बाबा, तुमच्यामुळं जीव वाचला. पण खरं सांगा... इतकी वर्षं देवाकडं पाठ करून आत जाता. मनाला लागत नाही?"

बाबांनी कंदील विझवून खुंटीला टांगला. दारातल्या उन्हाकडं तोंड करून ते सावकाश बसले.

"देव आतच बसलाय, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"