तिसऱ्या मशीनची वायर

“...आणि शोध चालतोय कुठल्या मशीनवर?”

“तिसऱ्या, चाचा. डोळे मिटून सांगतो,” शार्दूल ऐटीत म्हणाला.

“मग काम झालेलं नाही अजून.”

मिरजेकडच्या एका जुन्या ग्रंथालयातली ही गोष्ट. ऐंशी हजार पोथ्यांतलं हवं ते पान क्षणात शोधून देणारी सेवा शार्दूलनं पाच मशीनांच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या पाच कॉम्प्युटरांवर, चढवली होती. कुठलं काम कुठल्या मशीननं करायचं हे ठरवणारा प्रोग्राम त्यात असतो. ही मशीनं वर्षानुवर्षं सांभाळणारे अमीनचाचा त्याला मुकादम म्हणत.

चार वाजता दार उघडायचं होतं. चाचांच्या होकाराशिवाय ते उघडणार नव्हतं. आजोबांच्या हातची पोथी शोधायला रत्नागिरीहून आलेले एक गृहस्थ सकाळपासून पायरीवर बसून होते.

चाचा म्हणजे काय असामी! पंख्याच्या घरघरीवरून सांगायचे, कुठल्या मशीनला ताप आलाय. एकदा तर दुबईहून फोनवर ऐकून सांगितलं. खोटं वाटत असेल तर मशीनला विचारा.

“तिसरंच का रे?”

“सगळ्यात दणकट. मुकादमाला हुकूम देणाऱ्या फाइलमध्ये त्याचं नाव मी स्वतः घातलंय.”

“म्हणजे मुकादम नेमलास, आणि पाटी कुणी उचलायची ते तूच सांगतोस?”

“त्याच्यापेक्षा मला जास्त कळतं, चाचा.”

“असेल बाबा...”

चाचा उठले. दोन पावलं चालले. तिसऱ्या मशीनची वायर उपटली.

पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं...

फिरतच राहिलं.

“चाचा! चाराला दहा मिनिटं आहेत!”

“चार मशीनं रिकामी बसलीत. मुकादमही बसलाय. तुझा हुकूम पाळतोय बिचारा.”

शार्दूलचे कान लाल झाले. त्यानं फाइल उघडली, मशीनचं नाव खोडलं. आता हुकूम एवढाच उरला: कुठंही चालव, पण चालू ठेव.

शोध उठून उभा राहिला.

चाचांनी तो ज्या मशीनवर उठला होता, त्याचीही वायर काढली. पडदा अडखळला... आणि पोथीचं पान समोर आलं.

शार्दूल बघतच राहिला. मग, आता तो कुणाकडे गेला हे पाहायला, त्याचा हात कीबोर्डकडे सरकला.

चाचांनी मनगट धरलं.

“बघू नकोस. जा, दार उघड.”