घंगाळातले फासे

राजा गजरायाचं दुपारचं पान त्या दिवशी दिवेलागणीला वाढलं गेलं! वाड्याची रीतच तशी. दुपारचा टोल पडल्याशिवाय पान वाढायचं नाही. आणि टोल देणार कोण? घटका मोजणारा येसबा तर पहारेकऱ्यांबरोबर फासे खेळण्यात दंग! पाण्याच्या घंगाळात तरंगणारी, बुडाला भोक असलेली तांब्याची वाटी केव्हाच भरून बुडाली होती.

प्रधानाने उपाय काय कमी केले होते? येसबाला उपदेश केला, देवापुढे शपथ घ्यायला लावली, शेवटी त्याच्यावर नजर ठेवायला एक हवालदार नेमला. हवालदार आता येसबापेक्षा बरा खेळत होता.

"हाकला त्याला राज्याबाहेर!" उपाशी राजा गरजला.

येसबाची बायको चिमा पुढे झाली. "महाराज, वाड्यात फासेच बंद करा की!"

सरदारांनी माना खाली घातल्या. राजा स्वतः रोज सारीपाट मांडून बसायचा आणि दरबार ताटकळायचा. अर्थात, राजा खेळला की त्याला विरंगुळा म्हणत.

"फाशांवर बंदी येणार नाही!" राजा घाईघाईने म्हणाला. "तूच सोडव त्याचं व्यसन. पण फासे हिरावून घ्यायचे नाहीत, खेळू नको म्हणायचं नाही, कामावरून हलवायचं नाही. पौर्णिमेपर्यंत जमलं नाही, तर दोघंही सीमेपार!"

"जमवते, महाराज. फक्त फासे कुठं ठेवायचे, ते मी ठरवणार."

"ठरव!"

चिमाने घटकाघरातले सगळे फासे उचलले आणि टाकले थेट घंगाळाच्या तळाशी!

वाटी तरंगत असताना पाण्यात हात घालायचा नाही, ही घटकाघराची रीत. वाटी बुडाली की काढायची, टोल द्यायचा आणि टोलाचा नाद विरायच्या आत ती पुन्हा तरंगत सोडायची. येसबा नादी खरा, पण बापजाद्यांची ही रीत त्याने कधी मोडली नव्हती. आता वाटीबरोबरच फासे काढायचे, जेमतेम एक दान टाकायचं, की फासे पुन्हा पाण्यात!

येसबा वाटीवर डोळे लावून बसू लागला. कधी बुडते मेली! बुडाली रे बुडाली की टोल! इतका वेळेवर टोल त्याने जन्मात दिला नव्हता. पहारेकरी मात्र वैतागले. एका दानासाठी घटकाभर बसणार कोण? सगळ्यांत आधी हवालदार उठला. मग एकट्याने टाकून हरवायचं तरी कुणाला? येसबा फासे काढायचंच विसरू लागला.

पौर्णिमेला राजाने स्वतः येसबाला सारीपाटावर बोलावलं. खेळ रंगला. येसबाला जिंकायला एकच दान हवं होतं, आणि तो उठला!

"बस खाली! माझी आज्ञा आहे!"

"माफी असावी महाराज, वाटी भरत आली असेल!" म्हणत येसबा पळालाच. पाठोपाठ टोल पडला, अगदी वेळेवर! चिमाला रडूच फुटलं.

"जिंकलीस, चिमा!" हातातले फासे खुळखुळवत राजा म्हणाला. "बक्षीस माग."

चिमाने डोळे पुसले. बाहेर दरबार कधीचा ताटकळला होता. "आणखी एक घंगाळ द्या, महाराज."

"ते कशाला?"

"तुमचे फासे ठेवायला!"

पडद्याआड आधी राणी खुदकन हसली, मग राजा पोट धरधरून हसला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने चिमाला दिलं आणि घटकाघराचा सगळा कारभार तिच्याकडे सोपवला. घंगाळही त्याच संध्याकाळी आलं. राणीने ते स्वतःच्या हाताने काठोकाठ भरलं!