चुन्यात मूठभर पिवडी

एका गावात नरसूशेठ नावाचे कापडाचे व्यापारी राहत. धोतरं विकून विकून त्यांची नजर अशी तयार झाली होती, की पांढऱ्यातला पांढरा ते म्हणे डोळे मिटूनसुद्धा ओळखत.

त्यांनी नवं घर बांधलं. मुलीचं, मंजुळेचं, लग्न ठरत आलं होतं. व्याह्यांचे डोळे दिपले पाहिजेत, असा शेठचा बेत. म्हणून बैठकीच्या भिंतींसाठी चुन्यात सढळ हातानं नीळ घातली. नीळ पडली की चुना जास्तच पांढरा दिसतो. इतका, की खिडकीवरून जाणारा एक बगळा ती भिंत बघून वरमला आणि पुन्हा ओढ्यावर अंघोळीला गेला. खोटं वाटत असेल तर बगळ्याला विचारा.

सुपारी फोडायचा दिवस आला. मुलाचे वडील दाजीबा शेजारच्या गावात गुऱ्हाळ चालवत. ते ठेवणीतलं धोतर नेसून आले आणि भिंतीपाशी बसले. शेठ बघतात तो काय, धोतर पिवळट.

"दाजीबा," शेठ चारचौघांत म्हणाले, "शुभकार्याला निघताना धोतर धुऊन घ्यायचं होतं. की गुळाच्या कढईतच खळबळून आणलंत?"

बैठक हसली. दाजीबांनी सोगा हळूच मांडीखाली ओढला. ते धोतर त्यांच्या बायकोनं आदल्याच दिवशी रिठ्यानं धुतलं होतं. पण हसणाऱ्यांना ते कोण सांगणार?

"जरा दमानं घेऊ, शेठ," एवढंच बोलून ते सुपारी न फोडता उठले.

पाहुणे गेल्यावर मंजुळा दाराआडून पुढे आली. तिचे डोळे भरले होते.

"बाबा, तुमचं धोतर लावून बघा त्या भिंतीला."

शेठनी सोगा भिंतीला लावला. सकाळीच घडी मोडलेलं कोरं धोतर, तेही पिवळट. त्यांनी दुकानातून नवा तागा आणवला. तोही पिवळट. शेठच्या कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

दुसऱ्या दिवशी ते पायीच दाजीबांकडे निघाले. वाटभर माफीचे शब्द घोकत होते. फुफाट्यानं धोतराचे काठ मळले. दाजीबांनी त्यांना ओसरीवर बसवलं. तिथल्या भिंती दुधावरच्या सायीच्या रंगाच्या होत्या.

दाजीबांची बायको पाणी घेऊन आली. "शेठ, धोतर काय पांढरं आहे हो तुमचं. जाईचं फूलच जणू."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, त्याला उत्तर तरी देता आलं असतं. शेठनी खाली बघितलं. त्या भिंतीपुढे मळकं धोतरसुद्धा खरंच उजळ दिसत होतं.

"भिंत अशी कशी?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"चुन्यात मूठभर पिवडी घालतो, पिवळी माती," दाजीबा म्हणाले. "भिंत पांढरीफटक असली की पुढे बसलेला माणूस मळका दिसतो. भिंत काय, आम्ही रोजच बघतो. पाहुणा कधीतरी येतो. तो चांगला दिसू दे."

घोकलेलं सगळं शेठ विसरले. "माझं चुकलं, दाजीबा," एवढंच तोंडातून आलं.

"सुपारी आणलीत?"

शेठनी मान हलवली. आणायचा धीरच झाला नव्हता. दाजीबांनी आतून सुपारी मागवली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

घरी आल्यावर शेठनी सगळी बैठक खरवडून सायीच्या रंगाची केली. लग्नाला गेलेले सांगतात, त्या बैठकीत अवघं वऱ्हाड देखणं दिसत होतं, अगदी वाढपीसुद्धा. नरसूशेठ मात्र दिवसभर मान खाली घालूनच पंगतीत आग्रह करत फिरत होते.

तात्पर्य: घर असं असावं की आलेला माणूस त्यात उजळून दिसावा; ज्या पांढरेपणापुढे दुसरा मळका ठरतो, त्याची मिरवणूक काढू नये, लाज बाळगावी.